काळ्या झळाळीचे कोडे

सिन्ट्रिप्स, स्मॅरॅगोस, आस्बेटोस, साबाक्टेस आणि ओमोडामोस. ही नावे कुणा ग्रीक तत्त्ववेत्त्यांची नाहीत, की ऑलिंपिक गाजवणाऱ्या मल्लांची नाहीत. ही पाच भुते आहेत आणि त्यांचा मुक्काम कुंभाराच्या भट्टीत असतो. पहिले भांडी फोडते, दुसरे कडाड आवाज करून ती उडवते, तिसऱ्याची आग आवरता आवरत नाही, चौथे चुराडा करते आणि पाचवे कच्च्या मातीच्या जिवावर उठते.

होमरच्या नावावर मोडणाऱ्या ‘कामिनोस’, म्हणजे ‘भट्टी’, या छोट्याशा कवितेत ही मंडळी भेटतात. कविता होमरची नसावी, असेच विद्वानांचे मत आहे; पण तिच्यामागची आख्यायिका मोठी गमतीची आहे. सामोस बेटावर काही कुंभार भट्टी लावत होते. वाटेने जाणाऱ्या होमरला त्यांनी थांबवले आणि गाणे म्हणून दाखवलेस तर भांडी देऊ, असे कबूल केले. कवीही व्यवहारात पक्का. बोललात तसे वागलात तर अथेना देवी तुमच्या भट्टीवर हात धरील. फसवलेत तर या पाची भुतांना तुमच्या भट्टीत सोडीन, असे त्याने गाण्यातच सुनावले.

कुंभारांना या धमकीची भीती का वाटावी, हे ज्याने कुंभारवाड्यात आवा लागलेला पाहिला आहे, त्याला सांगावे लागणार नाही. माती आणायची, भिजवायची, मळायची, चाकावर चढवायची, घडवायची, सावलीत वाळवायची, आणि कित्येक दिवसांची ही सगळी मेहनत एका रात्रीत आगीच्या हवाली करायची. झाकण घातले की कुंभाराच्या हातात फारसे काही उरत नाही. सकाळी उघडल्यावर जे निघेल, ते आपले.

अडीच हजार वर्षांपूर्वी अथेन्सचा कुंभार याच भीतीच्या सोबतीने जगातली अत्यंत देखणी भांडी भाजत होता. ती त्याने नेमकी कशी भाजली, हे मात्र त्याच्याबरोबरच गेले. ते परत मिळवण्यासाठी गेली शंभर वर्षे काही माणसे स्वतः माती कालवून, भट्ट्या बांधून, धूर खाऊन प्रयोग करीत आहेत. ही त्यांच्या खटपटीची कथा.

माती एक, रंग दोन

प्राचीन अथेन्समध्ये कुंभारांची एक वस्तीच होती. तिचे नाव केरामेइकोस. ‘सिरॅमिक’ हा आज आपल्या न्हाणीघराच्या फरशीपर्यंत पोचलेला शब्द त्याच ग्रीक कुळातला. इसवी सनापूर्वीच्या सहाव्या आणि पाचव्या शतकात इथे तयार झालेले मद्याचे प्याले, तेलाच्या कुप्या, पाण्याच्या घागरी आणि धान्या-मद्याचे रांजण जहाजांतून इटलीपर्यंत आणि काळ्या समुद्रापर्यंत जात. आधी तांबूस पार्श्वभूमीवर काळ्या आकृती काढण्याची रीत होती. एक्सेकियास या कलावंताने काढलेले, युद्धाच्या विश्रांतीत फासे खेळत बसलेले अकिलीझ आणि एजॅक्स व्हॅटिकनच्या संग्रहालयात आहेत, ते या शैलीतले. पुढे इसवी सनापूर्वी ५३० ते ५२० च्या सुमारास कुणाच्या तरी डोक्यात उलटी कल्पना आली. पार्श्वभूमी काळी करायची आणि आकृती मातीच्या तांबड्या रंगाच्या ठेवायच्या. मग अंगावरची वस्त्रे, बरगड्या, डोळ्यांच्या पापण्या अशा बारकाव्यांना मोकळीक मिळाली.

दोन्ही शैलींत भुरळ पाडतो तो काळा रंग. तो काजळीसारखा मंद नाही. त्याला धातूसारखी चमक आहे. शतकानुशतके थडग्यांत पडून राहिलेले भांडे धुऊन पुसले की तो पुन्हा झळकू लागतो. नखाने खरवडून निघत नाही, पाण्याने जात नाही.

अठराव्या शतकात इटलीतल्या थडग्यांतून ही भांडी मोठ्या संख्येने निघू लागली आणि युरोपातले रसिक वेडे झाले. इटलीत सापडली म्हणून ती तिथल्या जुन्या एट्रुस्कन लोकांची, असाच तेव्हा समज होता. इंग्लंडचा नामांकित कुंभार जोसाया वेजवुड याने त्यांची नक्कल करायचे मनावर घेतले. आपल्या नव्या कारखान्याचे नावच त्याने ‘एट्रुरिया’ ठेवले. १३ जून १७६९ रोजी कारखाना सुरू झाला, तेव्हा त्याने स्वतः चाकावर सहा कलश घडवले आणि चाक फिरवायला त्याचा भागीदार टॉमस बेंटली होता. कलशांवर ‘एट्रुरियाच्या कलांचा पुनर्जन्म’ अशा अर्थाचे लॅटिन वाक्य लिहिले गेले. पण वेजवुडने केले काय? त्याने अंगचीच काळी असलेली माती तयार केली आणि तिच्यावर तांबड्या रंगाने चित्रे काढली. ग्रीक कुंभाराने केले होते त्याच्या बरोबर उलट! कलश सुंदर होते. कोडे मात्र होते तिथेच राहिले. त्या काळचा सर्वात हुशार कुंभारही ग्रीकांच्या काळ्या झळाळीपाशी अडला होता.

उत्तर विसाव्या शतकात मिळाले आणि ते ऐकून कुणालाही हसू यावे इतके साधे निघाले. तो रंग नव्हताच. ती मातीच होती. भांडे ज्या मातीचे, जवळजवळ तीच.

धुराची करामत

१९२९ साली चार्ल्स बिन्स आणि ए. डी. फ्रेझर या दोघांनी अमेरिकेत एक निबंध प्रसिद्ध केला. बिन्स हे स्वतः कुंभारकामाचे मोठे शिक्षक. काळा रंग लोखंडाचा आहे आणि तो भट्टीतल्या धुराने येतो, असे त्यांनी दाखवून दिले. पुढे १९४२ मध्ये, महायुद्ध ऐन भरात असताना, थिओडोर शूमान या जर्मन संशोधकाने चमकेचे गुपित उलगडले.

ते असे. माती पुष्कळ पाण्यात कालवायची आणि त्यात थोडा क्षार, समजा लाकडाच्या राखेचे पाणी, घालायचे. जाड कण तळाशी बसतात. अतिशय बारीक कण मात्र पाण्यात तरंगत राहतात. वरची निवळ हलकेच ओतून घ्यायची आणि ती आटवून साईसारखी दाट करायची. हाच चित्रकाराचा ‘रंग’. कच्च्या भांड्यावर तो लावला की फक्त थोडा गडद तपकिरी दिसतो. म्हणजे आपण संग्रहालयात पाहतो ते काळे-तांबडे चित्र काढणाऱ्याने काढताना पाहिलेलेच नसते! तो तपकिरीवर तपकिरी रेघा ओढत होता आणि काळा रंग मनात धरून होता.

बाकीचे काम भट्टीचे. लोखंडाला हवा भरपूर मिळाली की ते तांबडे होते; गंज आपण रोजच पाहतो. हवा तोडली तर त्याच लोखंडाचे काळे संयुग होते. भाजणीचे तीन टप्पे याच तत्त्वावर आहेत.

पहिल्या टप्प्यात भट्टीत हवा खेळती ठेवून आच सुमारे ८०० अंश सेल्सिअसपर्यंत चढवायची. सगळे भांडे तांबडे होते. दुसऱ्या टप्प्यात वरचा झरोका बंद करायचा, तोंड लिंपायचे आणि आत ओले सरपण सारायचे. कोंडलेल्या धुराला प्राणवायू हवा असतो. तो त्याला हवेतून मिळत नाही, म्हणून तो मातीतल्या लोखंडाकडून ओढून घेतो. आता सगळे भांडे काळे होते. याच वेळी, ९०० ते ९५० अंशांच्या दरम्यान, बारीक कणांचा लेप वितळायला येऊन घट्ट मिटतो आणि काचेसारखा होतो. भांड्याचे अंग मात्र जाड कणांचे, चुन्याचा अंश असलेले. ते सच्छिद्रच राहते. तिसऱ्या टप्प्यात आच उतरू लागली की झरोका पुन्हा उघडायचा. हवा आत येते, सच्छिद्र अंगात शिरते आणि ते परत तांबडे होते. लेप मिटलेला असल्याने त्यात हवेला शिरकाव नाही. तो काळाच राहतो.

आपल्याकडचे कुंभारही आवा झाकून, धूर कोंडून काळी मडकी काढतात. पण तो काळेपणा मुख्यतः काजळीचा. तो सर्वांगाला येतो आणि पुन्हा भाजले तर जातो. अथेन्सच्या कुंभाराने एकाच भांड्यावर, एकाच आगीत, एका मातीचे दोन रंग काढले आणि त्यांच्यामधली रेघ केसाइतकी नेमकी ठेवली. त्याच्याजवळ तापमापक नव्हता आणि रसायनशास्त्राचा एक शब्दही त्याला ठाऊक नव्हता.

अर्धीच उरलेली भट्टी

तत्त्व कळले, कृती कळली. मग आणखी शोधायचे काय उरले? तर, प्रयोगशाळेतल्या विजेच्या भट्टीत कळ फिरवून हवा बंद करणे निराळे आणि लाकडाच्या जाळावर ते साधणे निराळे. ग्रीक कुंभाराची भट्टी होती तरी कशी?

उत्खननात प्राचीन ग्रीक भट्ट्या पुष्कळ सापडल्या आहेत. अ‍ॅरिझोना विद्यापीठातील संशोधिका एलेनी हसाकी यांनी ग्रीसभरच्या शेकडो भट्ट्यांची नोंद केली आहे. बहुतेकींची रचना सारखी. जमिनीत खोदलेली गोल किंवा नासपतीच्या आकाराची जाळाची खोली, तिला पुढे सरपण सारायचे बोगद्यासारखे तोंड, मधोमध एक खांब, त्या खांबावर टेकलेला भोकाभोकांचा मातीचा ओटा, आणि ओट्यावर भांडी रचायची खोली. व्यास साधारण एक ते दोन मीटर. जाळ खाली, भांडी वर; भोकांतून आच वर चढायची.

पण हाती येते ती जमिनीखालची अर्धी भट्टीच. वरचा घुमट, त्याचे दार, डोक्यावरचा झरोका हे सगळे मातीचे. ते मातीत मिळून गेले. आणि भाजणीचा सारा खेळ नेमका या वरच्या भागात होता.

इथे एक अनपेक्षित साक्षीदार मदतीला आला. १८७९ मध्ये कॉरिंथजवळच्या पेंतेस्कूफिया या ठिकाणी मातीच्या चित्रित पाट्या सापडल्या. त्यांचे हजाराहून अधिक तुकडे आज मुख्यतः बर्लिनच्या आणि काही पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहेत. पाट्या मुख्यतः इसवी सनापूर्वीच्या सहाव्या शतकातल्या. कुंभारांनी त्या समुद्रदेव पोसायडनला वाहिल्या होत्या आणि कित्येकींवर आपल्याच धंद्याची चित्रे काढली होती. माती खणणारे मजूर आहेत, चाकावर बसलेला कुंभार आहे आणि भट्ट्या तर अनेक आहेत. वर गोल घुमट, बाजूला दार, माथ्यावर उसळणाऱ्या ज्वाळा. एक जण लांब आकडी घेऊन जाळ सारखा करतो आहे. दुसरा शिडी चढून थेट घुमटावर निघाला आहे. एका पाटीवर तर भट्टी उभी चिरल्यासारखी दाखवली आहे आणि आत रचलेली भांडी दिसत आहेत.

धगधगत्या भट्टीच्या डोक्यावर शिडी लावून चढायचे कारण काय, असा प्रश्न चित्र पाहणाऱ्याला पडतो. भट्टी लावणाऱ्याला तो पडत नाही. हवा तोडायची तर झरोका ठरल्या क्षणी बंद झाला पाहिजे, आणि तो झरोका वरच आहे!

करून पाहणे

पुस्तकात बसून न सुटणारे प्रश्न हाताने करून सोडवायचे, या शिस्तीला ‘प्रायोगिक पुरातत्त्व’ म्हणतात. १९४७ साली थॉर हेयरडाल ‘कॉन-टिकी’ या तराफ्यावरून पॅसिफिक महासागर ओलांडून गेला, त्या साहसाने ही कल्पना घरोघरी पोचवली. डेन्मार्कमध्ये लायर येथे १९६४ पासून लोहयुगातील घरे बांधून पाहण्याचे काम सुरू झाले. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ जॉन कोल्स यांनी १९७३ मध्ये या शिस्तीवर पुस्तक लिहिले. ग्रीकांची तीन वल्हेरांगांची युद्धनौका ‘ऑलिंपियास’ या नावाने १९८७ मध्ये पुन्हा पाण्यात उतरली.

भट्टीचा प्रयोग युद्धनौकेइतका दिमाखदार नाही. त्याला लागतो तो चिखल, गवताचा भुसा, विटांचे तुकडे, ढीगभर सरपण आणि रात्र जागायची तयारी. हसाकी यांनी टूसॉनच्या वाळवंटी मुलखात ग्रीक पद्धतीची भट्टी उभी करून विद्यार्थ्यांसह प्रयोग केले. बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात संचिता बालचंद्रन यांनी २०१५ मध्ये विद्यार्थ्यांना घेऊन ग्रीक प्याले मुळापासून घडवण्याचा अभ्यासक्रम चालवला. खुद्द अथेन्समध्ये एलेनी अलूपी-सिओटी यांनी अ‍ॅटिका प्रांतातली योग्य माती हुडकून काळ्या झळाळीची भांडी पुन्हा तयार केली.

अशा भट्टीसमोर बसले की पुस्तकातले तीन टप्पे फारच लांबचे वाटू लागतात. सुरुवातीला जाळ अगदी मंद ठेवावा लागतो. मातीत दडलेल्या पाण्याला सावकाश वाट मिळाली नाही, तर त्याची वाफ होऊन भांडे आतून फुटते. कडाड! हा स्मॅरॅगोस. पुढे ५७३ अंशांना मातीतल्या गारेच्या कणांची अंतर्गत रचना बदलते आणि ते एकदम फुगतात. आच इथे भरकन चढवली किंवा उतरवली तर भांड्याला चीर जाते. हा सिन्ट्रिप्स किंवा साबाक्टेस. जाळ हाताबाहेर गेला तर भांडी वाकतात, लेप फुगतो, तो आस्बेटोस. आणि आच पुरेशी चढलीच नाही तर माती कच्चीच राहते, तिथे ओमोडामोसचे फावते. भुतांची यादी करणारा कवी होमर असो वा नसो, तो भट्टीजवळ बसलेला होता एवढे नक्की.

ही झाली भांडी शाबूत ठेवण्याची लढाई. रंगाची लढाई आणखी बारीक आहे. घुमटाला बोटभर चीर गेली तरी कोंडलेल्या धुरात हवा शिरते आणि नेमके त्या बाजूचे काळे तांबूस पडते. दोन भांडी एकमेकांना टेकली तर टेकल्या जागी हवा पोचत नाही, तिथे डाग उमटतो. झरोका लवकर उघडला तर लेप मिटलेला नसतो आणि तोही तांबडा होतो. फार उशिरा उघडला तर अंगच काळपट राहते.

प्रयोग करणाऱ्यांच्या पहिल्या भट्ट्यांतून असा बिघडलेला माल निघणे ठरलेलेच. पण याच बिघडलेल्या मालाने त्यांना मोठी गोष्ट शिकवली. ही विद्या घेऊन ते पुन्हा संग्रहालयात गेले, तेव्हा तिथल्या नामांकित भांड्यांवर त्यांना तसेच डाग दिसू लागले. एका अंगाने लालसर पडलेले काळे, पोटावर उमटलेली शेजारच्या भांड्याची गोल सावली. ज्यांना पूर्वी ‘काळाने केलेला परिणाम’ म्हटले जाई, ते भट्टीतल्या त्या रात्रीचे वळ होते. अशी भांडी फेकली गेली नव्हती. विकली गेली होती, समुद्रापार पोचली होती. इतक्या मेहनतीनंतर थोडेसे लाल पडलेले भांडे कोण टाकून देणार? आपण ज्यांना अजोड कलावंत म्हणतो, ते पोटासाठी राबणारे कारागीरही होते, हे या डागांइतके स्पष्ट दुसरे कशाने कळत नाही.

मग आतली अवस्था त्या कुंभाराला कळत तरी कशी होती? याचेही उत्तर मिळाले आहे. प्राचीन अथेन्सच्या अगोरा परिसरातून काही विचित्र खापऱ्या निघाल्या. कच्च्या, चितारलेल्या भांड्यातून कापून काढलेल्या आणि मध्ये भोक असलेल्या. २००३ मध्ये जॉन पापाडोपुलोस यांनी त्यांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. या चाचणीच्या खापऱ्या होत्या. त्या भांड्यांबरोबर भट्टीत ठेवायच्या, वेळ आली की आकडीने भोकात अडकवून एक बाहेर ओढायची आणि पाहायचे, लेप मिटला का, काळे धरले का.

हे वाचताना मराठी माणसाला तेरचे गोरोबाकाका आठवल्याशिवाय राहत नाहीत. संतमेळ्यात कुणाचे मडके कच्चे, ते थापटण्याने वाजवून सांगणारे. आवाज ऐकून पारख करायची असते, हे कुंभाराखेरीज दुसऱ्या कुणाला सुचले असते?

बालचंद्रन यांनी २०१९ साली लिहिलेल्या एका निबंधाचा भर नेमका यावर आहे. भट्टी ही डोळे, कान, नाक आणि कातडी यांनी चालवायची गोष्ट आहे. जाळाचा रंग गडद लाल आहे की नारिंगी, आतला घुमारा कसा येतो, धुराला वास कसला, तोंडापाशी उभे राहिल्यावर धग किती वेळ सोसवते, यांवरून कुंभार निर्णय घेतो. आणि हे ज्ञान एकट्याचे नसते. एक जण सरपण सारतो, एक घुमटाकडे पाहतो, एक ओला चिखल घेऊन चिरा लिंपत फिरतो. पेंतेस्कूफियाच्या पाट्यांवरची ती धावपळ आता नुसते चित्र राहत नाही.

भट्टीने पकडलेली चोरी

हे सारे हौशी लोकांचे खेळ आहेत, असे कुणाला वाटेल. पण या खटपटीने एकदा जगातल्या एका बड्या संग्रहालयाची झोप उडवली होती.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने १९१५ ते १९२१ या काळात मातीचे तीन अवाढव्य एट्रुस्कन पुतळे विकत घेतले. दोन योद्धे आणि एक प्रचंड मस्तक. लोक पाहायला गर्दी करीत. त्यांच्यावर ग्रंथ लिहिला तो गिसेला रिश्टर या विदुषीने, जिने १९२३ मध्ये अथेन्सच्या कुंभारकामावर महत्त्वाचे पुस्तक लिहिले होते, तिने. काही जाणकारांना शंका होती, पण पुरावा नव्हता.

याच संग्रहालयात जोसेफ नोबल हे अधिकारी होते. ग्रीक काळी झळाळी स्वतः करून पाहण्याचा त्यांना नाद होता. त्यावरचे त्यांचे पुस्तक १९६५ मध्ये आले आणि आजही वाचले जाते. प्रयोग करकरून त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक झाली होती, की ग्रीकांचा आणि एट्रुस्कनांचा तो काळा रंग लोखंडाचा आणि धुराचा. पुतळ्यांवरचा काळा रंग तपासला, तर त्यात मँगनीज निघाले. धुराची करामत न जमलेल्या कुणीतरी सोपी वाट धरली होती! शिवाय इतके मोठे पुतळे सगळीकडून सारखे भाजले जावेत म्हणून अंगावर ठेवावी लागतात, ती हवेची छिद्रेही त्यांना नव्हती.

जानेवारी १९६१ मध्ये अल्फ्रेडो फिओरावांती या इटालियन माणसाने रोममध्ये कबुलीजबाब दिला. तरुणपणी आपण साथीदारांसह हे पुतळे केले. भट्टी लहान होती, म्हणून पुतळे फोडून तुकडे भाजले आणि मग जोडले. एका योद्ध्याचा अंगठा नव्हता. तो फिओरावांतीने इतकी वर्षे जपून ठेवला होता. पुतळ्याच्या हाताला तो तंतोतंत बसला. फेब्रुवारीत संग्रहालयाने पुतळे बनावट असल्याचे जाहीर केले.

अजून न सुटलेले

कोडे पूर्ण सुटले आहे, असे मात्र कुणी समजू नये. २०१५ मध्ये गेटी कॉन्झर्व्हेशन इन्स्टिट्यूटच्या आणि इतर शास्त्रज्ञांनी तांबड्या आकृतींच्या काही भांड्यांवरचे लेप अत्यंत बारकाईने तपासले. त्यांचा निष्कर्ष असा, की निदान काही भांडी एकदा नव्हे, अनेकदा भट्टीत गेली असावीत. दुसरीकडे, एकाच भाजणीत काळा-तांबडा मेळ साधतो, हे प्रयोग करणाऱ्यांनी पुन्हा पुन्हा दाखवले आहे. खरे काय?

इथे या शास्त्राची मर्यादा नीट ध्यानात घ्यायला हवी. प्रयोग यशस्वी झाला म्हणजे ‘असे करता येते’ एवढेच सिद्ध होते. ‘असेच केले होते’ हे सिद्ध होत नाही. हेयरडालच्या तराफ्यालाही हाच न्याय लागू पडतो. अथेन्सच्या शेकडो कुंभारांनी दीडदोनशे वर्षे एकच एक रीत पाळली असेल, असे मानण्याचेही कारण नाही. प्रत्येक घराण्याची काही खुबी असणार आणि ती शेजाऱ्याला सांगितली जात नसणार.

आणि म्हणूनच या सगळ्या खटाटोपातला सर्वात मोलाचा भाग मला वाटतो तो जिवंत कुंभारांकडे जाण्याचा. रोलांट हांपे हे पुरातत्त्वज्ञ आणि आडाम विंटर हे स्वतः कुंभार. ही जर्मन जोडी क्रीट, मेसेनिया आणि सायप्रसमधल्या गावोगावच्या कुंभार स्त्री-पुरुषांकडे जाऊन बसली. त्यांची माती, त्यांची चाके, त्यांच्या भट्ट्या यांची त्यांनी टिपणे केली आणि १९६२ मध्ये पुस्तक काढले. पुढे १९७८ मध्ये विंटर यांनी प्राचीन काळ्या झळाळीवर जो ग्रंथ लिहिला, त्यामागे या सहवासाचेही बळ असणार. हसाकी यांनीही ट्युनिशियातल्या मोकनीन गावच्या कुंभारांचा असाच अभ्यास केला. घुमट कसा लिंपायचा, सरपण कोणत्या क्रमाने घालायचे, भांडी कशी रचायची, हे उत्खननातल्या अर्ध्या भट्टीने सांगितले नव्हते; ते या माणसांच्या हातांत होते.

हांपे आणि विंटर अगदी वेळेवर पोचले. त्यानंतरच्या काळात प्लॅस्टिकच्या बादल्या आणि अ‍ॅल्युमिनियमची भांडी भूमध्य समुद्राच्या काठी पोचली नाहीत, असे गाव उरले नाही. रांजण कोण घेणार? आणि रांजण कुणी घेत नसेल, तर मुलगा बापाच्या भट्टीशी कशाला बसेल?

हा प्रश्न फक्त ग्रीसचा नाही. पुणे जिल्ह्यात इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून सुमारे पंधरा वर्षे उत्खनन केले. तिथे तीन हजार वर्षांहून जुन्या शेतकऱ्यांच्या वस्तीत कुंभाराची भट्टीही मिळाली. तिच्या काळची जोर्वे पद्धतीची भांडी तांबड्या अंगाची, त्यांवर काळी नक्षी, आणि वाजवली तर खणखणीत. ती समजून घ्यायची तर आजच्या कुंभाराकडेच जावे लागेल. तो रांजण-मडक्यांवरून दिवाळीच्या पणत्यांवर आला आहे, आणि त्या पणत्याही आता साच्यातून निघालेल्या येतात.

अथेन्सच्या कुंभाराची विद्या कुणी जाळली नाही, की कुणी लुटून नेली नाही. मागणी बदलली, कुणीतरी भट्टी लावायचे थांबवले, आणि पुढच्या पिढीला ती माहीत नव्हती, एवढेच झाले. मग तीच गोष्ट पुन्हा कळायला वेजवुडपासून आजवर अडीचशे वर्षे, रसायनशास्त्र, अणुरेणूंचा वेध घेणारी यंत्रे आणि धुराने डोळे लाल करून घेणारी कितीतरी माणसे लागली. तरीही ती पुरती हाती आलेली नाही.

उन्हाळा आला की आपण कुंभाराकडून माठ आणतो. बोटाच्या पेराने वाजवून घेतो, आवाज खणखणीत आला की पैसे देतो. पुढच्या वेळी वाजवून झाल्यावर त्याला एक विचारून पाहावे, की आवा लावलात तेव्हा पुरता भाजला हे तुम्हाला कळले कशावरून? तो जे सांगेल, ते शक्य असल्यास मुलांनाही ऐकू द्यावे.